नाव भिंतीकडे वळवलेला हंडा

"मॅडम, चौकटीवर प्रश्न येतो का?"

नववीच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हा प्रश्न विचारायचं आणि दरवर्षी करुणा खरातचं डोकं फिरायचं. चौकट म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात धडा संपल्यावर राखाडी रंगात छापलेला तुकडा. लढाया, तह, कायदे, चळवळी हे सगळं धड्यात, बायका चौकटीत. एखादी राणी, एखादी शाळा काढणारी, एखादी तुरुंगात गेलेली, तिघींना मिळून आठ ओळी. मराठीच्या पुस्तकाची तऱ्हा काही वेगळी नव्हती. बाईनं लिहिलेली कविता अगदी शेवटाला. ती शिकवायची वेळ येईस्तोवर पोरांचं अर्धं मन परीक्षेत आणि अर्धं सुट्टीत गेलेलं असायचं.

पुंडलिकनगरातल्या त्या मराठी शाळेत करुणाला वीस वर्षं होऊन गेली होती. ती लागली तेव्हा वर्गाच्या मागच्या खिडकीतून ज्वारीचं रान दिसायचं. आता समोरच्या इमारतीतलं वाळत घातलेलं धुणं दिसे, आणि कुणाच्या घरी आज कसली फोडणी बसली ते तिसऱ्या तासाला सगळ्या वर्गाला कळे. लग्न तिनं केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं, तर "वह्या तपासायच्या राहिल्यात" असं सांगून ती विचारणाऱ्याचं तोंड बंद करायची. शाळेपासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्यांचं घर, त्यात ती आणि तिची माय चंपाबाई, एवढाच संसार. तापट म्हणून तिची ख्याती होती खरी. पण रागाच्या भरात खडू मोडले तेवढेच, पोरावर हात कधी उगारला नाही.

ही गोष्ट २०१३ सालची, शहराला सगळे औरंगाबाद म्हणत तेव्हाची. पैठणचं धरण आटलं होतं. नळाला पाणी कधी येईल ते नळ सोडणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं, आणि फेब्रुवारीतच गल्लोगल्ली टँकर फिरू लागले होते. त्या वर्षी चौकटीचा प्रश्न विचारला मागच्या बाकावरच्या प्रणयनं.

"येत नाही," करुणा म्हणाली. "म्हणूनच आजपासून मी चौकटच शिकवणार. चौकटीत तीन बायका आहेत. बाकीच्या कुठं गेल्या?"

"बाकीच्या घरी होत्या, मॅडम," प्रणय म्हणाला. वर्ग हसला.

करुणाला वाटलं, आता आपलं डोकं तडकणार. पण तडकलं नाही. पोरगं खरं तेच बोललं होतं.

"मग घरीच शोधा," ती म्हणाली. "घरातली जुनी भांडी काढा. त्यांच्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि जमलं तर भांडंच घेऊन या."

आपल्याकडं लग्नात दिलेलं भांडं मुकं नसतं. दुकानदार त्याच्यावर नाव टाकून देतो. कुणाला दिलं, कुणी दिलं, कुठल्या गावाहून दिलं, सगळं त्या एका ओळीत. हल्ली यंत्रानं सर्रकन नाव टाकतात. जुन्या भांड्यांवर छिन्नीचे ठिपके असतात, एकापुढं एक, आणि त्या ठिपक्यांची अक्षरं होतात. रोज त्या भांड्यांत पाणी भरायचं, पीठ मळायचं, पण ती ओळ कुणी वाचत नाही.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात परातींचा, तांब्यांचा आणि पातेल्यांचा खणखणाट सुरू झाला. मुख्याध्यापक हेमचंद्र सर दारात उभे राहून म्हणाले, "खरात मॅडम, ही शाळा आहे की मोडीचं दुकान?" माणूस तसा सालस होता. घराण्यात तीन पिढ्या कारकुनी, त्यामुळं कुठलीही गोष्ट आवाज न करता व्हावी एवढीच त्यांची इच्छा असे.

पोरांनी वाचायला सुरुवात केली आणि गंमत उघडी पडली. सासरकडून आलेल्या भांड्यांवर बाप्यांची नावं. कै. अमुकराव यांच्या स्मरणार्थ, तमुकराव यांचे वास्तुशांतीनिमित्त. जिच्या हातात ते भांडं जन्मभर राबलं तिचा पत्ताच नाही. नवरीचं नाव सापडे ते फक्त मामानं दिलेल्या भांड्यावर. मामा भाचीला देतो, म्हणून भाचीचं नाव येतं.

"म्हणजे मॅडम, मामा नसता तर आजी नसतीच," प्रणयनं निकाल दिला. करुणानं तो जसाच्या तसा फळ्यावर लिहिला.

मग तिनं सांगितलं, आता प्रत्येकानं अर्धं पान लिहायचं. भांड्यावरच्या बाईला बोलती करायची. बहुतेकांनी "मी खूप कष्टाळू होते" छापाचं लिहिलं. सावनी नावाची एक अबोल मुलगी होती, तिनं पणजी साळूबाईच्या परातीवर लिहिलं: "मामानं परात मोठी दिली, कारण घर मोठं आहे असं त्याला सांगितलं होतं. घर मोठं निघालं. सगळ्यांची कणीक मीच मळली." करुणानं ते दोनदा वाचलं. वीस वर्षांत असं लिखाण हाती पडलं की तिला भूक लागायची. त्या दिवशी तिनं मधल्या सुट्टीत दोन वडापाव खाल्ले. ठिपक्यांची अक्षरं वाचण्यात सावनीचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं, म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वर्गात भरवायच्या प्रदर्शनात भांड्यांवरची नावं वाचून दाखवायचं काम तिच्याकडं आलं.

इथवर सगळं झ्याक चाललं होतं. घोटाळा झाला तो टँकरपाशी.

सावनी राहायची करुणाच्याच गल्लीत. संध्याकाळी टँकरच्या रांगेत तिचा नंबर चंपाबाईच्या मागं लागला. मुलगी वर्गात अबोल, पण म्हाताऱ्या माणसांशी तिचं छान जमे. तिनं चंपाबाईला भांड्यांची सगळी हकिकत सांगितली. चंपाबाई घरी आली ती कळशी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली.

"समद्या गावाची भांडी साळंत नेली म्हनं. मंग माझा हंडा कामून नाय नेला?"

करुणाच्या हातातला चहा तिथंच राहिला.

चंपाबाईचा हंडा म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. चंपाबाईचं माहेर ढोरकीन, सासर चितेगाव. तिचा मामा कडूबा रेल्वेत रुळांची कामं करायचा. घरादारानं धम्म घेऊन चार-पाच वर्षं झाली होती, अंगात नवी रग होती, आणि भाचीच्या लग्नात आपण असं काहीतरी द्यायचं की गाव बघत राहील, हे मामानं मनाशी धरलं होतं. त्यानं तांब्याचा हंडा दिला. "चंपाबाई हिस मामा कडूबा कडून" असं त्याच्यावर लिहिलेलं. चितेगावात त्या वस्तीतल्या बायकांनी तोवर मातीच्या घागरी वाहिल्या होत्या. चंपाबाई तांब्याचा हंडा डोक्यावर घेऊन निघाली की पाटलाच्या घरच्या बायका ओसरीवर येऊन बघायच्या. ती चाल चंपाबाई सत्तरीला आली तरी विसरली नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. चंपाबाई आणि तिचा नवरा कचरू तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले. त्यात कचरू आजारी पडला, आणि घरात विकण्यासारखी एकच वस्तू होती. सहा वर्षांच्या करुणाला बोटाला धरून चंपाबाई शहरात आली आणि कासारी बाजारात हंडा मोडीत घालून गेली. कचरू काही वाचला नाही. तो गेल्यावर मायलेकी कायमच्या शहरात आल्या. तेव्हा सिडकोच्या वसाहती उभ्या राहत होत्या. दुष्काळानं गावं रिकामी केली आणि त्याच माणसांनी डोक्यावर घमेली वाहून हे शहर वाढवलं. चंपाबाई आठवडाभर सिमेंट वाहायची, आणि सुट्टीच्या दिवशी कासारी बाजारात जाऊन जुन्या भांड्यांचे ढीग बघत हिंडायची. वाचता येत नव्हतं. पण तिच्या हंड्याच्या गळ्याशी विहिरीच्या दगडावर आपटून पडलेला एक पोचा होता, त्या पोच्यावर तिचा डोळा होता.

तीन वर्षांनी तिला तो सापडला. गळ्याशी पोचा असलेला तांब्याचा हंडा डोक्यावर घेऊन ती खोपटात आली आणि चौथीतल्या करुणापुढं ठेवून म्हणाली, "वाच."

करुणा शाळेत पहिली यायची. तिला वाचता येतं, हीच चंपाबाईची मिळकत. तिनं वाचलं. ठिपके स्पष्ट होते: सरूबाई हिस मामा साहेबराव कडून. मौजे बिडकीन. तिनं मान वर केली तर मायच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे बाप गेल्यापासून करुणानं पाहिलं नव्हतं. माय हसण्याच्या तयारीत होती.

"चंपाबाई हिस मामा कडूबा कडून," करुणानं वाचलं.

चंपाबाईनं त्या दिवशी सगळ्या वस्तीत साखर वाटली. पुढं चौदा एप्रिलला, लग्नात, बारशात, जिथं चार बायका जमतील तिथं ती ती गोष्ट सांगायची. "दुष्काळानं नेलं, पर म्या वापस आनलं." तिच्या आयुष्यात जिंकण्यासारखं एवढं एकच घडलं होतं. आणि करुणा मिलिंद कॉलेजात शिकली, बी.एड. झाली, शाळेला लागली, तीन घरं बदलली, पण प्रत्येक घरात हंडा ठेवताना त्याचं नाव तेवढं ती भिंतीकडं करायची.

आता तो हंडा ज्या वर्गात जाणार होता, त्या वर्गातल्या प्रत्येक पोराला तिनं स्वतः ठिपके वाचायला शिकवलं होतं. करून करून भागली आणि स्वतःच्याच जाळ्यात सापडली, तशी तिची गत झाली.

तिनं सबबी काढल्या. हंडा जड आहे. पाणी कशात साठवायचं? शाळेत वस्तू चोरीला जातात. चंपाबाई ऐकत राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "लाज वाटती का तुला माझ्या हंड्याची? मोठ्या घरच्या पोरांम्होरं?"

"माय, काहीही काय बोलतेस."

"मंग न्यायला काय व्हतं?"

खरं सांगावं तर मायची जन्माची कमाई हिरावून घ्यायची. न सांगावं तर माय समजणार, लेक शिकली आणि आपल्याला विसरली. दोन्हीकडून मरण. मायनं तसं समजणं तिला जास्त लागलं. ती रडली नाही, पण त्या रात्रीच्या भाजीत तिनं मीठच घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंपाबाई शेजारी गेली तशी करुणानं हंडा मोरीत घेतला. चिंच, राख, वर विटेची पूड. नाव घासून काढायचं आणि मगच हंडा शाळेत न्यायचा असं तिनं ठरवलं होतं. वर्गात "बाकीच्या कुठं गेल्या?" असं विचारणारी बाई एका बाईचं नाव पुसायला बसली होती, आणि हे तिला घासतानाच कळत होतं, म्हणून ती आणखी जोरानं घासत होती. पण तांबं घासलं की उजळतं, आणि ठिपक्यांतला काळा मळ आत तसाच राहतो. हात भरून आले तेव्हा सरूबाईचं नाव दारातूनही वाचता येईल इतकं ठळक झालं होतं. करुणा मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. तिला सरूबाईची माफी मागावीशी वाटली, आणि कुठल्या तोंडानं मागावी तेही कळेना.

चंपाबाई आली, चकाकता हंडा बघून खूश झाली. तिला वाटलं, लेकीनं शाळेसाठी घासला.

शनिवारी वर्गातले बाक भिंतीला लावून त्यांच्यावर भांडी मांडली होती. प्रत्येक भांड्यापाशी पोरांनी लिहिलेलं अर्धं पान. काही पालक आले होते. चंपाबाई चौदा एप्रिलला नेसायचं पांढरं पातळ नेसून रिक्षानं आली, हंडा मांडीवर घेऊन. हेमचंद्र सरांनी उठून तिला आपली खुर्ची दिली, तेव्हा ती अवघडून टोकावर बसली.

मग तिनं गोष्ट सांगितली. मामा कडूबा, पाटलाची ओसरी, खडी, मोड, बाजारातले ढीग, पोचा. इतक्या वर्षांत सांगून सांगून तिची ती गोष्ट गुळगुळीत झाली होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, ते तिला बरोब्बर माहीत होतं. प्रणयसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होता. मागं खिडकीपाशी उभी असलेली करुणा मात्र एकेक वाक्य संपताना बघत होती.

"दुष्काळानं नेलं, पर म्या वापस आनलं," चंपाबाई म्हणाली आणि सावनीकडं वळली. "आता वाच गं बाई. माझं नाव वाच."

सावनी पुढं आली. हंड्यावर वाकली. आणि थांबली.

तिनं मान वर करून आधी चंपाबाईकडं पाहिलं. चंपाबाई हसण्याच्या तयारीत होती. मग सावनीनं करुणाकडं पाहिलं. करुणानं तो चेहरा ओळखला. आरशात कधी दिसला नव्हता, पण तो तिचाच होता, चौथीतला. आता ही पोरगी काय करणार ते तिला अक्षर न् अक्षर ठाऊक होतं.

"चंपा..." सावनी म्हणाली.

"सावनी," करुणा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "जे आहे ते वाच."

सावनीनं पुन्हा खाली पाहिलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. "सरूबाई हिस मामा साहेबराव कडून. मौजे बिडकीन."

चंपाबाईला आधी वाटलं, पोरगी दुसऱ्याच भांड्याचं वाचतेय. तिनं हंड्यावर हात ठेवला. "ह्याचं वाच, बाई."

"याचंच आहे, आजी."

"पुन्यांदा वाच."

सावनीनं पुन्हा वाचलं. चंपाबाईचा हात हंड्यावरच होता. तो तिनं गळ्याशी नेला, पोच्यावरून फिरवला. मग तिनं करुणाकडं पाहिलं.

"तवा तू काय वाचलं व्हतं?"

"तुझं नाव," करुणा म्हणाली. "खोटं वाचलं, माय."

हेमचंद्र सर घसा साफ करून उठले. त्यांना कुठल्याही अवघड गोष्टीवर आभारप्रदर्शन हा एकच इलाज ठाऊक होता. "तर मंडळी, आपण आता..."

"बसा, सर," चंपाबाई म्हणाली. "माझं झालं नाय."

सर बसले. चंपाबाईनं राहिलेली गोष्ट सांगितली. ती तिनं आधी कधी कुणाला सांगितली नव्हती, त्यामुळं तिला कुठं थांबायचं ते माहीत नव्हतं, आणि ती मधेच अडखळायची.

"हंडा मोडीत घातला त्या दुकानापुढं बायांची रांग व्हती. समद्यांनी आपापलं भांडं पदराखाली झाकलेलं. कुनी कुनाकडं बघत नव्हतं. आपल्याला बी कुनी बघू नाय, असं समद्यांनाच वाटायचं. तो मानूस भांडं घ्यायचा, तोलायचा अन् मागं ढिगात टाकायचा. लई आवाज व्हायचा. म्या माझा पोचा डोळ्यात धरून ठेवला. म्हनलं, नाव वाचता येत नाय, पोचा तरी माझा हाये." तिनं पुन्हा पोच्यावर बोट ठेवलं. "माझ्या एकलीच्याच हंड्याला पोचा आसंल, असं कामून वाटलं मला? समद्याच बाया तसल्याच दगडावर पानी भरीत व्हत्या. समद्यांच्याच भांड्याला पोचे व्हते." मग पोरांकडं वळून, "हरवलेलं घावतं, लेकरांनो. इकलेलं घावत नाय."

टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना, म्हणून कुणीच वाजवल्या नाहीत. सावनीनं हंडा उचलून रिक्षापर्यंत नेला.

घरी आल्यावर चंपाबाई करुणाशी बोलेनाशी झाली. भाकरी करायची, ताट वाढून ठेवायची, पण शब्द नाही. हंड्यातलं पाणी पिणंही तिनं सोडलं. स्टीलच्या कळशीतलं प्यायची. करुणानं हंडा जागेवर ठेवला तो नाव बाहेर करून. चंपाबाईनं ते पाहिलं आणि कळशीतलं पाणी ओतून घेतलं.

आठवडाभरानं करुणाला राहवेना. "माय, मी नऊ वर्षांची होते तेव्हा."

"मंग धाची कव्हा झालीस?" चंपाबाई म्हणाली.

वर्गात पोरांना तोंडावर गप्प करणारी बाई, तिला मायनं एका वाक्यात गप्प केलं होतं. बरं, ते वाक्य खोटंही नव्हतं. ती दहाची झाली, वीसची झाली, चाळिशी उलटली, आणि दरवेळी हंडा भिंतीकडं वळवत राहिली. मायला आनंद व्हावा म्हणून, असं ती स्वतःला सांगायची. पण त्यात मायला खरं सोसणार नाही, हेही तिनंच परस्पर ठरवून टाकलं होतं. बायकांना चौकटीच्याही बाहेर ठेवणारे आणखी काय करतात? हा विचार तिला आला तेव्हा ती बटाटे सोलत होती, आणि रडली ती तेव्हा.

तिचं रडं ऐकून चंपाबाई आतून बाहेर आली. मग म्हणाली, "बिडकीनला जाऊन ईचारावं का? तिचा हाये तर तिला देऊ."

रविवारी दोघी हंडा घेऊन बसनं निघाल्या. चितेगाव लागलं, आणि चंपाबाई जिथं खिडकीतून आपली वस्ती शोधत होती तिथं कारखान्यांची पत्र्याची छतं दिसली. बिडकीनच्या शिवारात नव्या कारखान्यांसाठी जमिनी मोजायचं चाललं होतं. लोक जमिनीशिवाय दुसरं बोलत नव्हते. मारुतीच्या पारावर एक द्वारकाबाई म्हणून वयस्क बाई भेटली. तिनं नाव ऐकलं, हंड्यावरून हात फिरवला. सरूबाई दोन होत्या, म्हणाली. एक बहात्तरातच बिऱ्हाड घेऊन मुंबईकडं गेली ती आलीच नाही. दुसरी वारली. यातली साहेबरावाची भाची कुठली ते तिला सांगता येईना. "पर तू पुसायला आलीस, बाई," ती चंपाबाईला म्हणाली, "हे लई झालं." तिनं दोघींना चहा पाजला.

परतताना करुणाला वाटलं, माय आता घरी जाऊन पुन्हा गप्प बसणार. पण स्टँडवर उतरल्यावर चंपाबाई घराकडं वळलीच नाही. "कासारी बाजार," ती रिक्षावाल्याला म्हणाली.

बाजारात आता निम्मी दुकानं स्टीलची आणि प्लास्टिकची. एका दुकानाच्या पायरीवर नाव टाकणारा पोरगेला कारागीर बसला होता, हातात विजेचं यंत्र. चंपाबाईनं हंडा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं उलटसुलट करून पाहिला.

"जुनं नाव घासून काढू का, आजी? मशीननं निघंल."

"हात लावू नको त्याला," चंपाबाई म्हणाली. "त्याच्या खाली टाक. म्या सांगते तसं."

करुणाला दिसलं की मायचे ओठ हलताहेत, ती मनात जुळवाजुळव करतेय. बसमध्ये सगळी वाट ती खिडकीबाहेर बघत गप्प होती, ती का, ते करुणाला आता कळलं.

"टाक," चंपाबाई म्हणाली. "चंपाबाई हिस सरूबाई कडून."

"अन् गाव?"

"पुंडलिकनगर."

यंत्र घरघरलं. तांब्याची बारीक पूड उडाली. कारागिरानं फडक्यानं अक्षरं पुसली आणि हंडा पुढं केला. चंपाबाईनं नव्या ओळीवरून बोट फिरवलं, आधी वरच्या ठिपक्यांवरून, मग खालच्या रेघांवरून. मग हंडा तिनं करुणाच्या पुढ्यात ठेवला.

"वाच."

भर बाजारात करुणा खाली वाकली. अक्षरं ओळखीची होती, तरी तिनं एकेक शब्दावर बोट ठेवलं. "सरूबाई हिस मामा साहेबराव कडून. मौजे बिडकीन. चंपाबाई हिस सरूबाई कडून. पुंडलिकनगर."

चंपाबाई कारागिराकडं वळली.

"बराबर वाचलं का रं तिनं?"

"व्हय, आजी. बराबर."

"मंग ठीक," चंपाबाई म्हणाली, आणि हंडा उचलून तिनं डोक्यावर घेतला.